ठिबकावरचं जहाज

डिसेंबरातल्या एका सकाळी बोरगावच्या फाट्यावर एक लांबलचक ट्रक थांबला आणि त्याच्या पाठीवर जहाज होतं.

आता जहाज म्हणायचं की होडी, यावर पुढे बोरगावात बरेच वाद झाले. होती ती चोवीस फुटांची शिडाची लाकडी नौका. वय बावन्न वर्षं, पोटाखाली शिशाचा जड कणा, आणि पुढच्या टोकाला झिजलेल्या अक्षरांत नाव: सुरंगी. पण समुद्र जिथून आठ-नऊशे किलोमीटर लांब, तिथे चोवीस फूट म्हणजे जहाजच की! गावाने एकमताने तसं ठरवून टाकलं आणि ट्रकभोवती घोळका जमला.

“कन्हानमध्ये सोडून राहिले का जी?” एकाने विचारलं.

“कन्हानमध्ये गुडघाभर पाणी आहे बे. समुद्रच इकडे आणून राहिले म्हणते. मंजुरी येऊन गेली.”

विनोद कळंबे बाजूला मोटरसायकलला टेकून, मान खाली घालून उभा होता. पांढुर्ण्याच्या गोटमारीत, दगडफेकीच्या त्या जत्रेत, कपाळावर सात टाके घेतलेला हा गडी, समोरून दगड आला तर डोळा न लववणारा. पण पाणी म्हटलं की तो दोन पावलं मागे सरायचा. जहाज त्याचं नव्हतं. जहाज त्याच्या बायकोचं होतं, आणि ती आत्ता ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून उडी मारून खाली उतरत होती. चार दिवसांच्या प्रवासाने केसांचा झाडू झालेला, कपडे धुळीने भरलेले, आणि चेहऱ्यावर आनंद असा की लपवू म्हटलं तरी लपेना.

अपर्णा कळंबे सौसरच्या शाळेत भूगोल शिकवायची. माहेर पांढुर्ण्याचं, कापडाच्या दुकानदाराची मुलगी. भोपाळला कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत गेली आणि तिथल्या मोठ्या तलावावर शिडाची होडी चालवायला शिकली. तीन वर्षं तिने दुसरं काही केलंच नाही म्हणा ना. मग लग्न झालं, बोरगाव आलं, नोकरी लागली, सायली झाली. पुढे बावीस वर्षं तिने फळ्यावर खडूने बाण काढले. दिवसा समुद्रावरून येणारा वारा असा, रात्री जमिनीवरून जाणारा वारा तसा. मुलं माना डोलवायची आणि हिच्या हाताला दोरीची आठवण यायची.

मागच्या दिवाळीत सायलीच्या हट्टाने सगळे वेंगुर्ल्याला गेले, आणि तिथे एका ऐंशी वर्षांच्या डॉक्टरांच्या परसात, म्हणजे खाडीतच, सुरंगी उभी होती. विकायची होती. अपर्णाने त्याच दिवशी ठरवलं. पैसे तिच्या पगारातून साठलेले, त्यामुळे घरात कोणाला तोंड उघडायला जागा नव्हती. तरी सगळ्यांनी उघडलंच. तेव्हा या बाईने सगळ्यांची तोंडं बंद करायला स्वतःच्याच तोंडाने सांगून टाकलं:

“येत्या पावसाळ्याआधी मी ही होडी वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत स्वतः चालवत नेली नाही, तर विकून टाकीन. मग पुन्हा या घरात पाण्याचा विषय नाही.”

बोलून गेली खरी. आणि गिऱ्हाईकही तयारच होतं. तिथल्याच एका रिसॉर्टच्या शेठला सुरंगी हवी होती. हिरवळीवर सिमेंटच्या ओट्यात बसवून, आत बाकं टाकून, लोकांना थंडगार सरबत द्यायला. विनोदने शेठचा नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवला.

निघताना डॉक्टरांनी अपर्णाचा हात धरून एकच सांगितलं होतं. “तिला पाण्यात ठेवा हं. काही झालं तरी पाण्यात.” म्हाताऱ्या माणसाची माया, असं समजून तिने त्यांना नमस्कार केला आणि संत्री उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर सुरंगी चढवून सरळ बोरगावला आणली. दुरुस्ती डोळ्यांसमोर झाली पाहिजे, आणि लाकडाला हात लावायचा तर चिंधू वाढयानेच, दुसऱ्या कोणी नाही, हे तिचं पक्कं होतं.

चिंधू वाढई अडुसष्ट वर्षांचा. पंचक्रोशीत बैलाची बंडी म्हणजे चिंधूची, असा एक काळ होता. आता बंड्या कोण घेतो? त्याने बांधलेली शेवटची बंडी नागपूर रोडवरच्या एका ढाब्यासमोर उभी आहे. चंदेरी रंग फासलेला, चाकं सिमेंटमध्ये गाडलेली, आणि वर कुंड्या. चिंधू नागपूरला जाताना बसमध्ये त्या बाजूला कधी बसत नाही.

तो शेडमध्ये आला. संत्री निवडायची ती पत्र्याची लांब शेड. मध्ये लाकडी टेकूंवर सुरंगी. त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका फळीवर नख ओढलं आणि वास घेतला.

“सागवान आहे.”

“हो काकाजी, बर्मा टीक म्हणत होते डॉक्टर.”

“बर्मा बिर्मा काही नाही. हे आपल्याच डोंगरातलं आहे, सूनबाई. म्या जिंदगीभर हेच कापलं.” मग तो हसला. “मानसं गेले नाही समुद्रावर, पण लाकूड जाऊन आलं पाह्य!”

खरं-खोटं देव जाणे. पण त्या दिवसापासून चिंधूने दुसरं काम घेतलं नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. शाळा सुटली की अपर्णा शेडमध्ये. कुजलेल्या दोन फळ्या काढल्या, नव्या बसवल्या. वरच्या डेकच्या फळ्या उचकटून पुन्हा जोडल्या. डोलकाठी घासून तेल पाजलं. गावातले लोक येत, बसत, अक्कल सांगत. हौसेला मोल नाही म्हणतात, पण फुकटच्या सल्ल्यालाही बोरगावात कधी तोटा नव्हता. मार्चच्या शेवटाला चिंधू तिगावला लेकीच्या घरच्या लग्नाला गेला आणि जाताना म्हणाला, “झालं तुमचं. आता फकत रंग.”

वीस मे ही तारीख ठरली. वेंगुर्ल्याला क्रेन सांगून ठेवली. अपर्णाने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, तो तिथून उचललाच नाही. ताटं नकाशावरच वाढली जायची. वेंगुर्ला, निवती, भोगवे, मालवण. विनोदच्या ताटाखाली नेहमी खोल पाणी यायचं आणि तो ताट सरकवून घ्यायचा.

आणि एप्रिल लागला. सौसरचा एप्रिल! पत्रा दुपारी असा तापायचा की शेडमध्ये श्वास घेतला तर नाकात झळ जावी. अपर्णाला त्याचंही कौतुकच वाटलं. आपल्याकडे लाकूड वाळलेलं असलं की सोन्यासारखं. ओल्या लाकडाला कोण विचारतो? तिने तर दोन मोठे पंखे लावून आणखी वारा घातला.

आठ एप्रिलला दुपारी ती सुरंगीच्या पोटात शिरली. आत अंधार हवा होता. तो नव्हता. दोन्ही बाजूंनी फळ्याफळ्यांच्या मधून उजेडाच्या रेघा आत आल्या होत्या, वरपासून खालपर्यंत. एका फटीतून तिला विनोदची चप्पल दिसली.

तशीच ती मोटरसायकल काढून सौसरला गेली आणि दुकानदाराकडून पुट्टीचे डबे आणले. ती दगडासारखी घट्ट होणारी, पाण्याच्या टाक्या बुजवायची. चार दिवस शाळेला रजा टाकून, सकाळ-दुपार-संध्याकाळ, तिने एकटीने फटी भरल्या. नखं गेली, पाठ गेली. पाचव्या दिवशी पोटात पुन्हा अंधार झाला आणि ती बाहेर येऊन गुळाचा चहा प्यायली. जिंकल्यासारखी.

नेमका तेव्हा चिंधू आला. लग्नातला कोरा फेटा अजून डोक्यावर होता. त्याने पुट्टीवरून बोट फिरवलं, आणि तो फेटाच त्याने काढून जमिनीवर टाकला.

“हे कोनं केलं?”

“मी. फटी पडल्या होत्या, काकाजी.”

“फटी पडनारच ना! उन्हाळ्यात बंडीच्या चाकावरची लोखंडी धाव ढिली होते का नाही? मंग आपन काय करतो? पाचर ठोकतो का? चाक नेऊन नाल्यात टाकतो. लाकूड पानी पेते, फुगते, अन् धाव अशी बसते का घनानं निंगत नाही.” त्याचा आवाज चढला. “तुम्ही गोटे भरले फटीत. हे पान्यात गेलं का लाकूड फुगीन. फुगून जाईन कुठी? बरगड्या मोडीन इच्या! सारं काढा. आत्ताच्या आत्ता!”

डॉक्टरांचं वाक्य अपर्णाच्या डोक्यात आत्ता उतरलं. पाण्यात ठेवा म्हणजे पाण्यात ठेवा. त्यात माया बिया काही नव्हती. बावन्न वर्षं जी पाण्यात होती तिला आपण पत्र्याखाली भाजली, वरून पंखे लावले, आणि भूगोल शिकवतो आपण! तिला रडू आलं, आणि ती रडलीसुद्धा, चिंधूसमोर, काही न लपवता.

विनोद दारात उभा होता. आता तो शेठला फोन करणार, हे तिला दिसतच होतं. मोबाइल त्याच्या हातातही होता. पण तो बोलला ते भलतंच.

“काकाजी, नाल्यात तर पाणी नाही. हे जहाज बुडवाचं कुठं?”

“तेच ना. शेततळ्यात टाकलं असतं, पन खालचं शिसं तुमची तळाची प्लास्टिकची पन्नी फाडून टाकीन.”

विनोद सुरंगीकडे बघत राहिला. तो संत्रेवाला होता. संत्र्याच्या झाडाला ताण देतात. उन्हाळ्यात पाणी पार बंद करतात, पानं मरगळेपर्यंत. मग नेमक्या वेळी ताण तोडतात, पाणी देतात, आणि झाड फुलांनी लदबदून जातं. एक दिवस आधी नाही, एक दिवस उशिरा नाही. मृगाच्या बहाराचा ताण त्याच्या बागेत चालूच होता, ठिबकच्या नळ्या रिकाम्या पडल्या होत्या, आणि विहिरीत पाणी होतं.

“ताण बसला इले,” तो हळूच म्हणाला. “पाणी एकदम नाही द्याचं. थेंबाथेंबानं द्याचं.”

अपर्णाने डोळे पुसले. “तुम्ही काय बोलून राहिले?”

“ड्रिप लावतो म्हणतो जहाजाले. बारदाना पसरू आतून-बाहेरून, अन् वरून नळ्या.” तिच्या तोंडाकडे बघून त्याने घाईघाईने पुढे जोडलं, “रिकामी पडली आहे नळी, म्हणून. दुसरं काही नाही.”

दुसरं काही नाही म्हणे! बावीस वर्षांच्या संसारात अपर्णाला नवरा इतका देखणा कधी वाटला नव्हता.

मग जे सुरू झालं ते बोरगाव अजून सांगतं. आधी पुट्टी खरवडायची, तीही फळीला ओरखडा न जाता. चिंधूने छिन्नी कोणाला धरू दिली नाही. फक्त अपर्णाला दिली. सहा दिवस दोघं पाठीला पाठ लावून खरवडत होती. मग फटींत काय भरायचं? चिंधू म्हणाला, मऊ काहीतरी, फुगणारं. वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून म्हातारा म्हणाला, “कापूस. लांब वळलेला कापूस. पण तुमच्याकडे चांगला कापूस मिळेल का?”

सौसरच्या माणसाला हा प्रश्न! विनोद फोनवरच हसत सुटला.

घरात वेचणीचा कापूस होताच. विनोदची चुलत वहिनी प्रेमलता बायका घेऊन आली, आणि शेडच्या दारात सतरंज्या पडल्या. देवासाठी वाती वळणारे हात. फक्त इथे वात हातभर नाही, तर पन्नास-पन्नास हात लांब.

“समईची वात इतकी लांब पाहिली नव्हती बाई,” प्रेमलता म्हणाली. “कोन्त्या देवाची आहे?”

“समुद्राच्या,” अपर्णा म्हणाली, आणि बायका हसल्या, पण त्या दिवशी एकीनेही पायाला वात लागू दिली नाही.

चिंधूने लाकडी ठोकणीने त्या वाती फटींत बसवल्या. हलक्या हाताने, जागा राखून. वरची तेलात मळलेली मऊ लांबी लाकूड फुगल्यावरच भरायची होती. मग विनोदचं राज्य सुरू झालं. त्याने सुरंगीला आतून-बाहेरून बारदाना नेसवला आणि नळ्या अंथरल्या, बागेत अंथरतात तशा, ओळीने. सर्वांत वरच्या फळ्यांपाशी तो पोचला तेव्हा अपर्णा म्हणाली, “तिथं नको. त्या फळ्या पाण्याच्या वरच राहतात.”

“शेवटच्या ओळीले पाणी कमी पडलं का बाग फसते,” विनोद म्हणाला.

“अहो, ही बाग नाही.”

“तू भूगोल पाह्य. पाण्याचं मले समजते.” आणि त्याने वरच्या फळ्यांनाही नळी लावलीच.

अठरा दिवस थेंब पडत राहिले. टप, टप, टप. शाळेत शिकवतानाही अपर्णाच्या कानात तोच आवाज. रोज सकाळी ती बारदाना दोन्हीकडून वर करून पोटात शिरायची आणि कापसाच्या कडेने येणाऱ्या उजेडाच्या रेघा मोजायची. पहिल्या दिवशी एकेचाळीस. पाचव्या दिवशी तीस. बाराव्या दिवशी नऊ. सतराव्या दिवशी तिने तोंडावर हात ठेवला आणि बाहेर येऊन जोरात ओरडली. “अंधार!” पूर्ण गावाला कळेना की या बाईला अंधाराचा एवढा आनंद कसला.

चिंधूने लांबी भरली, आणि बारदाना ओला ठेवतच ट्रक वेंगुर्ल्याला नेला. दर दोनशे किलोमीटरला थांबून विनोद डब्याने पाणी मारायचा. सोबत चिंधू होता. त्याने समुद्र आयुष्यात पाहिला नव्हता, आणि बंदरावर पोचल्यावरही पाहिला नाही. आधी सरळ धक्क्यावरच्या मासेमारी होड्यांपाशी गेला आणि त्यांचे सांधे चाचपले. मग मान हलवून म्हणाला, “हेही मानसं कापूसच भरते.” त्यानंतर त्याने मान वर केली, समोर बघितलं, आणि तो धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला.

रिसॉर्टचे शेठ आधीच येऊन उभे होते. पांढरे बूट, हातात मोजपट्टी. “होऊन जाऊ द्या तुमची हौस,” ते गोड आवाजात म्हणाले. “मी ओटा बांधून ठेवलाय.”

सकाळी आठला क्रेनने सुरंगी उचलली आणि पाण्यात ठेवली. अपर्णा आत उडी मारून तळाच्या फळ्या उचलून बसली. पाणी आलं. येणारच होतं. चिंधूने कानामागची पेन्सिल काढून आतल्या बरगडीवर पाण्याच्या कडेला रेघ मारली. अर्ध्या तासाने दुसरी रेघ, दोन बोटं वर. शेठ वाकून बघत होते. आणखी अर्ध्या तासाने तिसरी, एक बोट वर. विनोद धक्क्यावरून विचारत होता, “किती? किती?” आणि अपर्णा मान वर न करता रेघेवर बोट ठेवून होती. चौथी रेघ तिसरीवरच पडली. चिंधूने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली.

“पाजून घ्या तिले आजचा दिवस,” तो म्हणाला. “उद्या निंगू.”

उद्या उजाडलं, आणि पाणी तिसऱ्या रेघेच्या वर गेलं नव्हतं. अपर्णाने ते उपसून काढलं. ज्या वाऱ्याचे बाण ती फळ्यावर काढायची तो जमिनीवरचा वारा पहाटेपासून बरोबर बाणासारखा येत होता. तिने शीड वर ओढलं. ते फडफडलं, भरलं, आणि सुरंगी तिघांना घेऊन धक्का सोडून निघाली. कोणी ढकललं नाही, इंजिन नाही, बैल नाही. बावीस वर्षांनी तिच्या तळहातातून दोरी सरकली आणि तिला वाटलं, आपण ओरडू नये म्हणून तोंड दाबून धरावं. पण तोंड दाबायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती मनसोक्त ओरडली.

विनोद दोन लाइफजॅकेटं घालून, एकावर एक, खाली बसला होता. तासाभराने त्याचा धीर चेपला तेव्हा तिने सुकाणूची मूठ त्याच्या हातात दिली. उजवीकडे वळायचं म्हणून त्याने मूठ उजवीकडे ओढली, बैलाचा कासरा ओढतात तशी, आणि सुरंगी झपकन डावीकडे, थेट मच्छीमारांच्या जाळ्याकडे निघाली.

“उलटं! उलटं ढकला!”

“असा कसा बैल आहे हा?” विनोद ओरडला. चिंधू इतका हसला की त्याचा फेटा समुद्रात पडला. तो फेटा बराच वेळ मागे तरंगताना दिसत होता.

निवतीचा किनारा मागे पडला आणि दुपारी वारा फिरला. समुद्रावरून आला, तोही बाणासारखाच, पण फळ्यावरच्या बाणाला एवढा जोर नसतो. सुरंगी एका कुशीवर कलली. आणखी कलली. काठावरून पाणी सळसळत जायला लागलं, आणि अपर्णाच्या एकदम लक्षात आलं की वरच्या फळ्या, ज्या कधी पाण्यात जाणार नाहीत असं तिने ठामपणे सांगितलं होतं, त्या सगळ्या आता पाण्याखाली आहेत. काल धक्क्यावर त्यांना थेंबही लागला नव्हता.

मालवण समोर दिसत होतं. परत फिरावं तर वचन बुडतं, न फिरावं तर जहाज.

“काकाजी, आत बघा! वरच्या सांध्यांत बघा!”

चिंधू रांगत आत गेला. अपर्णाने दोन्ही हातांनी सुकाणू धरलं होतं आणि तिचं सगळं लक्ष त्या काळ्या भोकाकडे होतं. किती वेळ गेला, कोण जाणे. मग चिंधूचं डोकं बाहेर आलं. त्याने तळहात वर करून दाखवला. कोरडा.

“शेवटच्या ओळीले पानी भेटलं होतं,” तो म्हणाला.

विनोदने एका हाताने दोरी आवळून धरली होती, चेहरा हिरवा पडला होता. तरी त्याने दुसऱ्या हाताने कपाळावरच्या जुन्या सात टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मान ताठ केली. अपर्णाला त्याच्या गळ्यात पडायचं होतं, पण सुकाणू सोडता येत नव्हतं. म्हणून तिने शीड आणखी आवळलं, आणि सुरंगी पाणी कापत सुसाट निघाली. भीती गेली ती गेलीच. पाण्यातल्या किल्ल्याची तटबंदी जवळ येत होती, वर घारी फिरत होत्या, आणि बोरगावची तीन माणसं मीठ लागलेल्या तोंडाने काय वाट्टेल ते ओरडत होती.

पावणेपाचला मालवणच्या बंदरात त्यांनी नांगर टाकला. तिघांनी तळाच्या फळ्या उचलून आत डोकावलं. पहिल्या रेघेच्याही खाली पाणी.

“धाव बसली,” चिंधू म्हणाला.

विनोदने न सांगता मोबाइल काढला आणि शेठला फोन लावला. “शेठ, पोचलो आम्ही मालवणले. ओटा दुसऱ्या कामाले घ्या.” पलीकडून शेठ काहीतरी बराच वेळ बोलत राहिले. विनोदने फोनवर हात ठेवून चिंधूकडे बघितलं. “ते म्हणून राहिले, होडी नाही तर नाही, पण तुमच्याकडे जुन्या बंड्या भेटतात ना. एक पाठवा म्हणते. लॉनवर ठेवाले.”

चिंधूने हात पुढे केला. विनोदने फोन दिला.

“शेठजी, बंडी भेटीन. नवी बांधून देतो,” चिंधू म्हणाला. “पन संगं बैल घ्या लागतीन. अन् रोज जुपा लागीन. मंजूर असन तर सांगा.”

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. फोन विनोदला परत दिला, पाय पाण्यात सोडून काठावर बसला आणि अपर्णाला विचारलं, “सूनबाई, उद्या कोन्या गावाले जाचं?”